काळा पुठ्ठा

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुला लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरच्या माथ्यावर चिकटवलेलं सापडेल. आधी खुर्चीवर बस आणि शेवटपर्यंत वाच. आज सोमवार, आल्या आल्या शोधनिबंध पाठवायचा हे तुझ्या डोक्यात असणार. दोन वर्षं राबलास त्याच्यासाठी. ही बातमी आईला स्वतः सांगायला शनिवारी गेलास, म्हणजे एव्हाना तिनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं असेल.

तू मला इथं प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायला आणलंस, तेव्हा मी या डब्याला घाबरायचे. खिडकीतला उजेड, छतावरचे दिवे, विजेची गुणगुण, एवढ्या गोंधळातून तो तुझ्या नमुन्यातून येणाऱ्या प्रकाशाची कुजबुज कशी वेचतो, ते तूच समजावलंस. प्रकाशासमोर खाचांची चकती फिरते, प्रकाश ठरावीक तालात चालू-बंद होतो, आणि तोच ताल एका वायरनं यंत्राला कळवला जातो. मग ते तेवढ्याच तालातलं घेतं, बाकी सगळ्यांना वाटाण्याच्या अक्षता! आपल्या आईचंही तसंच. भांड्यांच्या खणखणाटात तिला फक्त आपण खाऊचा डबा उघडल्याचा आवाज यायचा.

मग मी बटणं शिकले. दोन ताल मागेपुढे असले तर फेज फिरवून जुळवायचे. सेन्सिटिव्हिटी हावरटासारखी वाढवली की तांबडा दिवा लागतो. टाइम कॉन्स्टंट वाढवला की उड्या मारणारा आकडा सुतासारखा सरळ होतो, पण तेवढं थांबावं लागतं. तुला थांबणं कधी जमलं आहे? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आई उगाच म्हणत नाही. तरी एवढ्याशा कुजबुजीमागे तू दोन वर्षं लागलास, याचं मला फार कौतुक वाटतं. तोंडावर बोलत नाही, कारण तू लगेच फुगतोस.

तुझा पहिला नियम मला पाठ आहे. मोजून झालं की प्रकाशासमोर काळा पुठ्ठा धरायचा. आकडा शून्यावर आला तरच तो प्रकाशाचा. शनिवारी तू गेल्यावर टेबल पुसता पुसता मी सवयीनं पुठ्ठा धरला. आकडा जेमतेम हलला. थांबले, पुन्हा धरला. तेच. मग वाकून पाहिलं, तर ताल कळवणारी वायर प्रकाश टिपणाऱ्या तुझ्या डिटेक्टरच्या वायरीला घट्ट बांधलेली. एकीतलं दुसरीत झिरपत होतं, आणि ताल तोच असल्यामुळे यंत्र बिचारं ते आपलं म्हणून घेत होतं. बांधली होती मीच, महिन्यापूर्वी, टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून. निबंधातले सगळे आकडे त्यानंतरचे. आकडा इतका देखणा आला, की पुठ्ठा धरायचं तूही विसरलास.

फोन हातात घेतला होता. पण मागून आईचा हसरा आवाज आला असता आणि मी काहीतरी भलतंच बोलून ठेवून दिला असता. म्हणून लिहिते आहे. निबंध पाठवू नकोस. चूक माझी आहे, प्रयोगशाळेच्या साहेबांना मी स्वतः सांगेन. वायरी आता वेगळ्या केल्या आहेत आणि आकडा विसाव्या हिश्शावर आला आहे. पण पुठ्ठा धरला की तो शून्य होतो, काढला की परत येतो. काल रविवारी येऊन मी चाळीस वेळा करून पाहिलं. इवलासा आहे रे, पण खरा आहे आणि तुझा आहे. यंत्र चालू ठेवलं आहे, पुठ्ठा उजव्या हाताला आहे. एकदा तू धरून बघ.

तुझीच,
ताई