शिक्का पुसलेली पट्टी

उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय उदय,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द लिहायलाच मी दोन कागद फाडले. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. मोना आणि राजवीर मजेत असतील. राजवीर आठवीत गेला ना? चाकणचा उन्हाळा कसा आहे ते तूच जाणे, इथं मार्चातच डोकं तापायला लागलंय.

नऊ वर्षांनी दादाचं पत्र म्हटल्यावर कुणी गेलं की काय, असं तुझ्या मनात आलं असेल. कुणी गेलेलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर मी विषय बदलला असता, माझी सवय तुला ठाऊक आहे. शिवाय पूर्णिमानं अट घातली आहे. काकाला लिहून कळवल्याशिवाय ती आपल्या पॅटर्नच्या दुकानात पाऊल टाकणार नाही म्हणते. काय कळवायचं, त्यावर येतो. आधी पोरीबद्दल सांगू दे, कालपासून माझी छाती शर्टात मावत नाही.

तू गेलास तेव्हा ती सातवीत होती, भुशात पाय घालून बसायची. आता प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी प्रत्येकानं एक वस्तू स्वतः आखून, काँप्युटरवर मॉडेल करून, प्रत्यक्ष बनवून दाखवायची असते. बाकीच्या पोरांनी मोबाइलचे स्टँड केले, टेबलावरचे दिवे केले. आमच्या बाईसाहेबांनी दुधाचा कॅन धरला. कसबा बावड्याहून दूध घालायला येणाऱ्या बयाबाई तुला आठवत असतील. सत्तरी गाठली तरी वीस लिटरचा कॅन कमरेतून वाकून तिरका करतात आणि घरोघर मापं घालतात. पूर्णिमा आठ दिवस वही घेऊन त्यांच्या मागं फिरली. कुठं वाकतात, कुठला हात आधी लावतात, कमरेवर हात कधी जातो, सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, "आगं, डिझाइन शिकतीस का दूध घालतीस?" तर म्हणाली, "आप्पा, बघितल्याबिगर काढायचं काय?"

मग तिनं कॅनच्या गळ्यात बसणारं एक कडं आखलं, खाली तिपाई, आणि मध्ये असा सांधा की कॅन न उचलता नुसता कलता व्हावा. मी शेजारी बसून बघत होतो. आधी सपाट रेघा काढते, मग त्यांना ओढून जाडी देते, मग ती वस्तू पडद्यावर हवी तशी फिरवते. मी म्हटलं, कोपरे धारदार ठेवू नको, तडा तिथूनच जातो. तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. आधीच गोल केले होते. घरात कुणी शिकवलं नाही तरी पोरगी आपलीच आहे, हे मला तेव्हा पटलं.

कॉलेजच्या मशीनवर प्लास्टिकचं कडं छापून झालं. पूर्णिमा ते दुकानात घेऊन आली, बरोबर तिचे सरही होते. बयाबाई कॅन घेऊन बसलेल्या. कडं गळ्यात बसेना. दोनच मिलिमीटरनं अडलं, पण अडलं ते अडलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मॉडेल तपासलं, छापलेलं कडं तपासलं, दोन्ही तंतोतंत. सर म्हणाले, प्लास्टिक आखडलं असेल, पण तसंही नव्हतं. बयाबाई आपल्या परीनं धीर देत होत्या, "माजा कॅनच फुगला आसंल बाई, तू रडू नगोस."

मी विचारलं, व्यास कशावर वाचलास? म्हणाली, "कॅलिपरनं धरला आणि तुमच्या पेटीतल्या पट्टीवर वाचला. तळाला फडक्यात गुंडाळलेली हाय बघा, ती."

मी तिथल्या तिथं सांगितलं, तुझी सगळी मापं शंभराला एक कमी आली आहेत.

सरांना समजावून द्यावं लागलं. ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं. म्हणून वाळूत ज्याचा साचा पडतो तो लाकडी पॅटर्न आपण तेवढा मोठा करतो, आणि त्यासाठी आपली कॉन्ट्रॅक्शनची पट्टीच मोठी असते. तिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक. तिनं लाकडावर खुणा करायच्या, तयार वस्तू मोजायची नाही. मोजली तर माप कमी दिसतं. सर म्हणाले, पुस्तकात वाचलं होतं, हातात आज घेतली.

पूर्णिमानं काँप्युटरवर ती चूक भरून काढली आणि कडं, सांधा, तिपाई, सगळं एका दमात मोठं झालं. मला नव्यानं पॅटर्न करायला चार दिवस लागले असते. तिचं काम माझा चहा निवायच्या आत झालं. त्या क्षणी मला ती माझ्यापेक्षा मोठी कारागीर वाटली, आणि हे लिहिताना जरासुद्धा वाईट वाटत नाही.

काल कॉलेजात प्रदर्शन झालं. परीक्षकांसमोर बयाबाईंनी एका बोटानं कॅन कलता करून माप भरलं, थेंब सांडला नाही. परीक्षकांनी विचारलं, आजी, काय आवडलं? तर म्हणाल्या, "पन्नास वर्सं दूध घालतोय, कंबर कशी हाय म्हणून कुणी इचारलं न्हाई. हिनं इचारलं की." टाळ्या पडल्या आणि मी खांबाआड जाऊन डोळे पुसले. नंबर दुसरा आला. पहिला एका हेल्मेटला गेला, ते मला अजून पटलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

कडं अडलं त्या दिवशी सर आणि बयाबाई गेल्यावर पूर्णिमानं विचारलं, "आप्पा, तुमाला एवढ्या लगेच कसं कळलं?" अनुभव आहे, असं सांगून मी मोकळा होणार होतो. पण तिला सगळं खरं सांगितलं. तेच आता तुला लिहितो.

उदय, ही तीच पट्टी आहे. नऊ वर्षांपूर्वी केरबाअण्णांच्या फौंड्रीसाठी पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, काम होतं. तू नवा काँप्युटर शिकून आला होतास. जुनं कास्टिंग मोजायला तू माझ्याकडं पट्टी मागितलीस. मी कामात होतो, आणि खरं म्हणजे तुझ्या त्या काँप्युटरवर मनातून चिडलेला होतो. न बघता हाताला आली ती दिली. तिच्यावरचा शिक्का कधीच घासून गेला होता. ती कॉन्ट्रॅक्शनची आहे हे फक्त मला ठाऊक होतं, तुला कळायला मार्गच नव्हता. चाळीस कास्टिंग ओतली गेली आणि बोल्टची भोकं एकाचीही जुळली नाहीत. मी सगळ्या कामगारांसमोर ओरडलो की काँप्युटरवर खेळणाऱ्यानं पॅटर्नला हात लावू नये. तू कोल्हापूर सोडून गेलास.

एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तू गेल्यावर आठव्या दिवशी मी ते जुनं कास्टिंग आणि तुझे कागद समोर घेऊन बसलो आणि दोन्ही पट्ट्यांनी मोजलं. प्रत्येक माप शंभराला एक कमी. मला त्याच दिवशी कळलं. नऊ वर्षं मला माहीत आहे. पट्टी फडक्यात गुंडाळून तळाला टाकली. तिच्यावर नवा शिक्का मारला असता तर कुणीतरी विचारलं असतं, आत्ताच का? म्हणून तोही मारला नाही, आणि माझी पोरगी त्याच खड्ड्यात पडली.

आई शेवटपर्यंत म्हणायची, उदयानं कामात घाई केली नसती तर माझी दोन्ही पोरं एका घरात असती. मी शेजारी बसून ऐकायचो. तिला सांगायचं राहून गेलं, असं लिहिणार होतो. पण राहून काही गेलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

हे सगळं ऐकून पूर्णिमा एवढंच म्हणाली, "म्हंजे काकाचं काम बरोबर हुतं?" मी म्हटलं, "व्हय." ती उठली. "मग मला सांगून काय उपेग? काकाला सांगा. आनि अण्णास्नी बी, तितल्या सगळ्यांच्या म्होरं."

बुधवारी मी फौंड्रीत गेलो. चहाच्या वेळेला, सगळे कामगार असताना सांगितलं. केरबाअण्णांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "लेका, नऊ वर्सं त्या पोराला मी नावं ठिवली की रं." तुझा नंबर मागत होते. मी म्हटलं, आधी त्याला विचारतो.

तुझ्या हाताखाली वीस जण मॉडेल करतात, हे मला बाहेरून कळत असतं. कुणी सांगितलं की "आसंल" म्हणून मी उठायचो आणि घरी येऊन तुझ्या वहिनीला तेच तीनतीनदा सांगायचो. मला तुझा अभिमान आहे, उदय. तेव्हाही होता. तो उघड बोलून दाखवायचं तोंड मी माझ्याच हातानं घालवलं.

तू ये, असं मी म्हणत नाही. तेवढा माझा हक्क राहिला नाही. एकच मागणं आहे. हे पत्र एकट्यानं वाचून कपाटात टाकू नकोस. मोनाला आणि राजवीरला समोर बसवून मोठ्यानं वाच. आपण कोल्हापूर का सोडलं, असं त्या पोरानं कधीतरी विचारलं असेल, आणि माझं नाव राखायला तू काहीतरी वेगळंच सांगितलं असशील. मी तुला ओळखतो. आता त्याला खरं कळू दे. चूक माझी होती, त्याच्या बापाचं काम बरोबर होतं.

तुझा,
थोरला म्हणवून घ्यायला लाजणारा,
ज्ञानूदादा