भूमिकाची नोकरी मला लागली त्याची हकीकत

नागपूर,
रविवार दुपार, कूलरसमोरून

आदरणीय सिंधूताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे केशवचा, वाकून नमस्कार (पूर्ण वाकून नाही, कमरेचं तुला ठाऊकच आहे, पण मनाने पूर्ण). तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस, की शेजारणींना वाटून टाकलंस? भाऊजींचा खोकला गेला का? उमरेडला ऊन कसं आहे ते विचारत नाही, कारण इथलं सांगितलं की तू तिथलं त्याहून जास्त सांगशील. तुझी भावजय दीपमाला मजेत आहे. तिने या पत्रात तिचाही नमस्कार घालायला सांगितलं होतं, तो इथे घातला. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर मी तोंड उघडलं की तू ‘पुढे बोल, पुढे बोल’ करतेस, आणि मला पुढचं सांगायच्या आधी बाजूचं सांगायचं असतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर भूमिका. तुमच्या शेजारच्या धर्मेंद्रची मुलगी बी.कॉम. झाली आहे, तिला नागपुरात पहिली नोकरी लावून दे, तुझ्या एवढ्या ओळखी आहेत, असं म्हणून तू तिला सकाळच्या एसटीत बसवून दिलंस. ताई, माझ्या ओळखींबद्दल तुझा गैरसमज आहे. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत माझा जन्म गेला, त्यामुळे अर्धा विदर्भ मला ओळखतो हे खरं. पण खिडकीतून जेवढा दिसतो तेवढाच ओळखतो, आणि तेही गाडी कुठे लागते एवढं कळेपर्यंत. परवा धंतोलीत एका गृहस्थांनी मला पाहून हात जोडले. मला वाटलं, झालं काम. त्यांनी विचारलं, ‘काटोलची गेली का हो?’

मुलगी गुणी आहे. आल्या दिवशीच तिने दीपमालाच्या मोबाइलमधलं ते सारखं वाजणारं काहीतरी बंद करून दिलं, तेव्हापासून दीपमाला तिच्या बाजूने आहे. पण पहिल्या आठवड्यात आम्ही जिथे जिथे गेलो तिथे तिथे एकच प्रश्न. अनुभव आहे का? नाही. मग अनुभव घेऊन या. कुठून आणायचा ते कुणी सांगत नाही. कपड्याच्या दुकानात तेच, दवाखान्याच्या स्वागतकक्षात तेच, एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे तर झाडांना पाणी घालायलासुद्धा अनुभवी माणूस हवा होता (झाडं प्लास्टिकची होती, म्हणून अनुभव लागत असेल). एका संध्याकाळी भाजी निवडताना भूमिका हळूच म्हणाली, ‘मामा, महिना संपला का बाबा घ्यायले येतीन. एकदा वापस गेली ना, तं मंग कोनी पुन्हा निघू नाही देत.’ दीपमालाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाबांना मीच बोलावलं होतं.

त्या दिवसापासून मला एका कोड्याने धरलं. प्रत्येक नोकरीला आधीचा अनुभव लागत असेल, तर जगात ज्याने पहिली नोकरी धरली त्याने ती धरली कशी? मी विचारत सुटलो. (तू म्हणशील, याला नुसत्या चौकशा करायला हव्यात. पण आयुष्यभर लोकांनी मला प्रश्न विचारले, आता माझी पाळी.) औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, तो गळू झालं म्हणून मलम घ्यायला आला होता, मालकाला खोकी उतरवायला हात हवा होता, तेव्हापासून इथेच आहे. मेट्रोच्या स्टेशनावरचा पहारेकरी म्हणाला, ‘भावाच्या जागी एक दिवस उभा राह्यलो, भाऊ वापस आलाच नाही.’ भाऊ कुठे गेला हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण गाडी आली. आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर म्हणाले की पहिला दात त्यांनी सख्ख्या काकांचा काढला, आणि काका अजून बोलत नाहीत. मी स्वतः तरी कसा लागलो? उमरेडच्या गाडीसाठी फलाटावर उभा होतो, घोषणा करणाऱ्याचा घसा बसला होता, आणि माझा आवाज तुला माहीत आहे. परीक्षा वगैरे नंतर झाल्या. एकालाही पहिल्या दिवशी कुणी अनुभव विचारला नव्हता, ताई! दीपमालाला विचारलं, तर ती म्हणाली, ‘तुमच्याशी लग्न लागताना मले तरी कोनी विचारला होता?’ तिथे मी चौकशी थांबवली.

मधल्या काळात भूमिकाची तयारी करून घेण्यासाठी मी घरीच मुलाखत ठेवली. मी साहेब झालो, कूलरच्या तोंडावर खुर्ची टाकून बसलो, आणि विचारलं की तुमच्यातला मोठा दोष कोणता. ती म्हणाली, ‘मले राग येते.’ असं सांगायचं नसतं, असं मी सांगणार होतो, पण तो केव्हा येतो, कशाने येतो, कुणाकुणावर आला आहे, याची मला इतकी उत्सुकता लागली की मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. तिने आत्याच्या लग्नात बॅण्डवाल्यांना परत पाठवलं ती गोष्ट तू तिच्याच तोंडून ऐक. दीपमाला दुसऱ्या साहेबाच्या जागी येऊन बसली आणि तिने पुरणपोळीवर प्रश्न काढले. मुलाखत जेवणापर्यंत चालली. तयारी काय झाली ते मला सांगता येणार नाही, पण दुपार छान गेली.

आता मुख्य गोष्ट. सदर भागात एक चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या काचेवर काउंटरसाठी मुलगा किंवा मुलगी पाहिजे असा कागद लागला होता (खाली ‘अनुभव आवश्यक’ होतंच). भूमिका आत मालकाच्या काचेच्या खोलीत गेली. मी सोबत म्हणून आलेला, बाकावर बसलो. सुट्टीचा दिवस, दुकान भरलेलं, काउंटरवर एकच घामाघूम पोरगा, आणि कुणाचा नंबर आधी यावरून दोन घराण्यांत भांडण लागण्याच्या बेतात. ताई, मी ठरवून काही केलं नाही. माझा हात आपोआप वर गेला आणि आवाज आपोआप निघाला. डोळे तपासायचे ते डावीकडे, तयार चष्मा न्यायला आलेले उजवीकडे, दांडी तुटलेले मध्ये, आणि नुसते एसीत बसायला आलेले मागच्या बाकावर. सगळे हलले. एका बाईने मला रामटेकची गाडी किती वाजता आहे तेही विचारलं, मी सांगितलं.

तेवढ्यात भूमिका बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं, आतही तेच वाक्य. माझ्याकडे न बघता ती सरळ दार ढकलून उन्हात गेली. मी उठणार, तर मालक समोर. सुशीलभाऊ त्यांचं नाव, चाळिशीचा गोरटेला माणूस. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

‘काका, आधी कुठी होते तुम्ही?’

‘चौकशीत.’

‘अरे बाप रे! मंग सुटले काय निर्दोष?’

मी बसस्थानकाचं समजावलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, असाच माणूस शोधून राहिलो होतो, उद्यापासून येजा. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर कुणी मला ‘येजा’ म्हटलं नव्हतं, सगळे ‘आराम करा’ म्हणतात. पण काचेतून बाहेर पाहिलं तर भूमिका फुटपाथवर, डोक्यावर ओढणी, एका म्हाताऱ्या बाईशी काही बोलत होती. वेळ काढावा म्हणून मी सुशीलभाऊंना माझा नेहमीचा प्रश्न विचारला: तुम्ही पहिल्यांदा कामाला कसे लागलात? ते म्हणाले, बाबांचंच दुकान, शाळा सुटली की बसवायचे. मग पहिल्या दिवशी काय केलं? ते म्हणाले, ‘एका वकिलाच्या चष्म्यावर बसलो.’ काढलं नाही का बाबांनी? ‘बाबाच होते ना काका! काढून टाकतीन कुठी?’

हसू संपायच्या आत दार उघडलं आणि भूमिका त्या म्हातारीचा हात धरून आत आली. सुशीलभाऊ कौतुकाने तिला म्हणाले, हे तुझे मामा उद्यापासून आपल्याकडे येणार आहेत. ताई, तो दोष मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला.

‘मामा! तुम्ही माझीच नोकरी खाऊन टाकली?’

मी म्हटलं, अजून हो म्हटलं नाही गं. ती म्हणाली, ते घरी पाहू. मग मालकांकडे वळली. ‘ह्या रुखमाबाई. चष्मा न घेता वापस चालल्या होत्या. तुमच्या दुकानातून लोकं रिकाम्या हातानं काहून जातात, म्हनून मी विचारलं. सांगा आजी.’

रुखमाबाई रामटेककडच्या, तिथून नव्या चष्म्यासाठी आलेल्या. त्या म्हणाल्या, ‘नवी फिरेम घालाले जुना चष्मा काढा लागते. काढला का मले आरसाच नाही दिसत, तं मी कशी दिसतो ते कसं समजन बापा? पोरगा म्हने, छान दिसते आजी. त्याले तं सारंच छान दिसते!’

काउंटरवरच्या पोराने मान खाली घातली. सुशीलभाऊ जे म्हणाले ते मला फार आवडलं: ‘हे तं कधी ध्यानातच नाही आलं. मले चष्मा नाही ना!’ भूमिकाने वाट पाहिली नाही. ट्रेमधली एक फ्रेम आजींच्या नाकावर ठेवली, मोबाइलने फोटो काढला, फ्रेम उतरवून त्यांचा जुना चष्मा त्यांना परत दिला आणि फोटो दाखवला. आजींनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, ‘ही नको. ह्याच्यात मी माह्या नंदेसारखी दिसतो.’ दुसरी, तिसरी. ताई, अख्खं दुकान भोवती गोळा झालं, मी लावलेल्या सगळ्या रांगा मोडल्या, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. शेवटी एका तपकिरी फ्रेमच्या फोटोकडे आजी बराच वेळ पाहत बसल्या आणि म्हणाल्या, ‘ही द्या.’ लगेच मागच्या बाकावरचे, एसीत बसायला आलेले एक काका उठले आणि म्हणाले, माझाही काढ.

सुशीलभाऊंनी ‘पण अनुभव’ एवढं म्हणून पाहिलं. मी म्हटलं, वकिलाच्या चष्म्यावर तरी बसली नाही अजून. ते हसले, आणि तिला दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला यायला सांगितलं. आठ दिवस बघतो म्हणाले होते, पण तिसऱ्या दिवशीच तो काचेवरचा कागद काढला. त्या दिवशी घरी पोचताच भूमिकाने दारातूनच धर्मेंद्रला फोन लावला. धर्मेंद्रने विचारलं, बसून काम आहे का उभं राहून? ती म्हणाली, उभं राहून. तो म्हणाला, मंग चप्पल चांगली घे. फोन ठेवल्यावर ती रडली, आणि दीपमालाही रडली, कारण तिला एकटीला रडू देणं बरं दिसलं नसतं. परत न्यायचं त्याने पुन्हा काढलं नाही. आता रोज संध्याकाळी ती आल्यावर आम्ही दोघं दिवसभराचं ऐकायला बसतो. काल म्हणाली, ‘मामा, दोन मानसायचं नाक सारखं नसते, तुमाले माहीत होतं?’ मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी भाजीवाल्याशी नीट बोलू शकत नाही, त्याच्या नाकाकडेच बघत राहतो.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पाण्यात जिरं टाकून पीत जा.

तुझा
केशव

ता. क. एक सांगायचं राहिलं. पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलांना मदत करणारी एक संस्था इथे आहे, त्यांना मार्गदर्शक हवा आहे. मी अर्ज केला. आरामाचा मला फार कंटाळा आला आहे, ताई, हे दीपमालाला सांगितलेलं नाही. त्यांच्या बाईंनी फोनवर विचारलं, या कामातला अनुभव किती? मी म्हटलं, एक मुलगी. त्यांनी विचारलं, तिला तुम्ही लावलं का? मी म्हटलं, नाही, तिची तीच लागली, मी मध्ये आलो होतो. तरी बाईंनी गुरुवारी बोलावलं आहे. भूमिका रोज माझी तयारी घेते आहे. ती फार कडक साहेब आहे.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. त्यांना अशा एका माणसाचं नाव आणि फोन नंबर हवा आहे, जो मला पुष्कळ वर्षांपासून ओळखतो आणि माझा नातेवाईक नाही. मी तुझं नाव दिलं आहे. लग्नात तुझं आडनाव बदललं तेव्हा मी लहान होतो आणि मांडवात फार रडलो होतो, पण आज पाहतो तर बरंच झालं. तू खोटं काही बोलू नकोस. माणूस कष्टाळू आहे, लोकांत मिसळतो, एवढं सांग; आणि आपण एकमेकांचे कोण, हे त्यांनी विचारलं नाही तर तू काढू नकोस. फक्त हात जोडून एक विनंती आहे, ताई. फोनवर मला चिंगू म्हणू नकोस.