हलकी गोळी, भारी गोळी

१२ जाने., सोम.
डॉ.कडे जाऊन आलो. पँटोप्राझोलने जळजळ थांबली आहे, पण कायम तीच घ्यायची का? म्हणाले, "फॅमोटिडिनवर येऊन बघा. हलकी असते. तेवढ्यावर भागलं तर उत्तम. नाहीतर एकदा दुर्बीण टाकून बघू."
दुर्बीण म्हटल्यावर पुढचं नीट ऐकलंच नाही. वडिलांची, अण्णांचीही आधी नुसती जळजळच होती. अन्ननलिकेतली गाठ दिसली तोवर…

१३ जाने.
अडचण अशी, की हलकी गोळी पास व्हावी असं मला आधीपासूनच वाटतंय. जळजळ झाली तरी नाही म्हणेन. सातपूरला कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट तपासतो, स्वतःला तपासायला मी चालणार नाही.
तोडगा: गोळी मंगलने द्यायची, मी डोळे मिटून गिळायची. दोन आठवडे एक, दोन आठवडे दुसरी. आधी कुठली, ते तिने ठरवायचं. मला सांगायचं नाही.
मंगल: "नवरा आहात का कंपनीतलं मशीन? करा, आ करा."

२२ जाने., गुरु.
त्रास शून्य. भरीत, वर ठेचा, तरी शून्य. ही पँटोच असणार. (अंदाज करायचा नाही असं ठरलं होतं.)

३१ जाने., शनि.
बुधवारी गोळी बदलली. कामावर पार्टला मापाचं गेज लावायला वाकलो की घशाशी आंबट. रात्री उशीला टेकून बसलो. मंगलही जागी.

८ फेब्रु., रवि.
आठवडाभर चक्क शांत. आज मिसळ खाल्ली, वर तर्री. काही नाही. शरीराला सवय झाली असावी. म्हणजे हलकी पास. दुर्बीण टळली! उगाच मेव्हण्याला फोन करून हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

११ फेब्रु., बुध.
आज उघड करायचा दिवस.
"आधी पँटो दिली," मंगल म्हणाली.
"म्हणजे नंतरची फॅमो!"
भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "चारच दिवस. मग परत पँटोच दिली."
"अगं, का?"
"रात्रभर बसून राहायचात. बघवेना मला. तुमची परीक्षा गेली खड्ड्यात."
चिडलो. नंतर वाटलं, राग तिच्यावर नाही, निकाल गेला त्याचा आहे. डॉ.ना नुसतं "आता त्रास नाही" म्हटलं तर? खोटं तर होणार नाही.
पण…

१३ फेब्रु., शुक्र.
सगळं सांगितलं. डॉ. खूप हसले. "वहिनींनी घोटाळाच केला. अहो, भारी गोळी सोडली की काही जणांना सुरुवातीला ॲसिड जास्तच उसळतं. चार दिवसांवरून हलकीला नापास करता येत नाही. पुन्हा करून बघा हवं तर."
इथेच उठता आलं असतं. अण्णांचं सांगितलं. इतके दिवस का नाही सांगितलं, माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.
हसणं थांबलं. "गोळ्यांचं नंतर बघू. सोमवारी उपाशीपोटी या."

१६ फेब्रु., सोम., सकाळ
पाणीसुद्धा नाही. मंगलनेही चहा ठेवला नाही. म्हणाली, "दूध नासलंय."
ओट्यावर पातेलं आहे. चांगली जाड साय धरलीये.
त्यावर झाकण ठेवलं. खाली रिक्षा आली आहे.