नारळ फोडू नका, विहीणबाई

सौ. शुभदाताई यांना,

भाईंदरहून गिरिजाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला आता उतरला असेल. इकडे बाळ-बाळंतीण दोघी छान आहेत. आपल्या नातीला नाक तुमच्या घरचं आलंय (आवाजही). तुमच्या जावयाबरोबर, म्हणजे आमच्या निहारबरोबर, हे पत्र आणि एक नारळ पाठवतेय. नारळ तेवढा बाजूला ठेवा, फोडू नका, देवापुढेही नको. पत्र शेवटपर्यंत वाचलंत की कळेल. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलू देत नाही, आणि परवा तर तुम्ही मधेच फोन ठेवलात. पत्र मधेच खाली ठेवलं तरी त्यातलं बोलणं थांबत नाही, म्हणून हा उद्योग.

तुमच्या कानावर असं आलंय की, सुनेला कळा येत होत्या, खिडकीखाली मिलिटरीची होडी ताटकळत उभी होती आणि सासू आत ओटीची तयारी करत बसली होती. ही बातमी मिनलने पोचवली. (मिनल म्हणजे आमच्या समोरच्या बिल्डिंगमधली, निशिगंधाची मैत्रीण. तिने सगळं तिसऱ्या मजल्यावरून पाहिलं. एवढ्या उंचावरून माणसाला फक्त दुसऱ्याच्या चुका दिसतात.) तेव्हा खरं काय झालं ते ऐका.

आमचं भाईंदरातलं हे मोरव्याचं घर पहिल्या मजल्यावर, हे तुम्हाला ठाऊक आहे. घर बघायला आलात तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की, एकच मजला चढायचा, बरं आहे. त्या दिवशी पाऊस थांबायचं नाव घेईना आणि वरून खाडीला भरती. मिठागरांकडून पाणी आत आलं ते आमच्या जिन्याच्या अर्ध्यावर. खाली सगळ्यांच्या स्कूटरी वाहत येऊन जिन्याच्या तोंडाशी एकीवर एक अडकल्या, त्यामुळे वाट बंद. निहार अंधेरीला ऑफिसात अडकलेला. आणि नेमक्या निशिगंधाला कळा सुरू झाल्या. बाळ पायाळू होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं की घरात काही करायला जाऊ नका, कसंही करून तिला इथे आणा, नाहीतर दोघांचं अवघड आहे. शुभदाताई, ते ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच गॅसची शेगडी पुसत बसले. आमच्या ह्यांनी मदतीच्या नंबरावर फोन लावून लावून मिलिटरीची होडी मिळवली, आणि होडी येतेय म्हटल्यावर हे दाढी करायला बसले. (जवानांसमोर असं कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं.)

होडी आली. दोन जवान. मोठे हवालदार होते ते हिंदी बोलणारे, आणि दुसरा दशरथ, आपल्या पाटणकडचा. दशरथ तळमजल्याच्या छज्ज्यावर चढून आमच्या खिडकीशी आला आणि समोर आमचं ग्रिल. ग्रिलला बाहेर पडायची छोटी खिडकी आहे, तिला कुलूप आहे, आणि किल्ली कुठे आहे हे घरात कुणालाही माहीत नाही. (हे मला आणि मी ह्यांना विचारत होते.) हवालदार खालून म्हणाले, ‘काट दो.’ पण कापायचं यंत्र दुसऱ्या होडीवर, ती डोंगरी गावाच्या बाजूला गेलेली. दशरथ नुसत्या हातांनी गज वाकवायला लागला. तेव्हा मी आत गेले, हे मिनलने बरोबर सांगितलं. भरल्या दिवसांची सून बाळंतपणाला घर सोडतेय, तिची ओटी रिकामी? मला ते बघवेना. मी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि ओंजळीत तांदळाबरोबर किल्ली आली. गावाला जाताना कधीतरी मीच ठेवली असणार. तेव्हा ओटीमुळे उशीर झाला हे साफ खोटं आहे. ओटी भरायला गेले नसते तर आम्ही अजून ग्रिलच्या आतच असतो.

आता ओटी भरताना थोडी चूक झाली, ती सांगते. मी किल्ली ह्यांच्याकडे देऊन तांदूळ, खण, नारळ घेऊन येईपर्यंत दशरथने निशिगंधाला उचलून घेतलं होतं. तिचा पदर सापडेना, पाऊस डोळ्यांत, त्यात ह्यांची घाई. मी देवाचं नाव घेऊन ओंजळ रिती केली ती सगळी त्या पोराच्या लाइफ जॅकेटमध्ये. नारळ छातीशी, सून हातांवर, अशा थाटात तो खाली उतरला. मग मला उतरवलं. (त्याबद्दल मी काही लिहीत नाही. मिनलने शूटिंग केलंय.)

मोठ्या रस्त्याकडे वळलो आणि इंजिन बंद पडलं. माझ्या बोचक्यातून बाळाच्या दुपट्यांसाठी घेतलेल्या जुन्या साडीचा पदर बाहेर लोंबत होता, तो पंख्यात गुंडाळला गेला. हवालदारांनी सुरी काढून साडी कापायचा प्रयत्न केला, पण कापड चिवट. मग दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या आणि दोर खांद्यावर घेऊन होडी ओढायला लागले. छातीएवढं काळं पाणी, त्यात गटाराची झाकणं कुठे उघडी आहेत कुणाला ठाऊक. पायाने चाचपत एकेक पाऊल. तोवर ओरडणारी निशिगंधा एकदम गप्प झाली. तिचे डोळे मिटायला लागले. ताई, मी आयुष्यात एवढी कधी भ्याले नाही. तुम्हाला काय तोंड दाखवू, एवढं एकच डोक्यात होतं. दशरथने दोर ओढता ओढता मान वळवली आणि म्हणाला, ‘ताई, डोळं मिटू नका. माझ्याशी बोलत ऱ्हावा.’ ती काय बोलणार? मग तोच बोलायला लागला. त्याच्या बायकोला सातवा लागलाय, नाव पंचशीला. डोहाळजेवणाला सुट्टी मिळाली होती, ती पुरामुळे रद्द झाली. तिला आंबट नाही, भाजलेली माती खावीशी वाटते आणि त्याची आई रागावते. हे ऐकून निशिगंधा हसली. खरंच हसली, त्या कळांमध्ये. हॉस्पिटलची पायरी येईपर्यंत त्याने तिला एकदाही डोळे मिटू दिले नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दशरथ हॉस्पिटलात आला. चिखलाने माखलेला, पावलं पाण्यात राहून पांढरी पडून सुरकुतलेली. हातात तो नारळ आणि रुमालात बांधलेले तांदूळ. ‘मावशी, ओटीचं हाय, माझ्याकडं कसं ठेवू?’ एवढंच म्हणाला. बाळाला त्याने लांबूनच पाहिलं, हात खराब आहेत म्हणून. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. चहा त्याने उभ्यानेच घेतला, कारण खाली गाडी थांबली होती. त्यांना पुढे दुसऱ्या पुरावर जायचं होतं.

व्याह्यांना नमस्कार सांगा. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची विहीण,
गिरिजा

ता. क. पंख्यात अडकलेली साडी म्हणजे लग्नात तुम्ही मला मानाची म्हणून दिलेली हिरवी. दुपट्यांसाठी तीच का काढली, हे विचारू नका. पण कापड उत्तम होतं, हे मिलिटरीनेही मान्य केलं.

ता. क. २. आता नारळाचं. ओटी ज्याच्या पदरात पडली त्याची, म्हणून हा नारळ आमचा नाही, पंचशीलाचा आहे. दशरथला तो परत न्यायला लावला असता, पण घरी कधी जाईन हे त्यालाच ठाऊक नाही. त्याचं गाव तुमच्या कऱ्हाडहून एसटीने जाण्यासारखं आहे, पत्ता निहारकडे आहे. त्या मुलीला आई नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तो तुमचा मान मी हिरावला असं तुम्ही म्हणता ना? तिथे एक लेक माहेरच्या माणसाची वाट बघतेय. खण नवा घ्या, तांदूळ तुमच्या घरचे घ्या, आणि तिची ओटी तुम्ही भरा. माती खाल्ली म्हणून रागावू नका.

ता. क. ३. निशिगंधासाठी तुम्ही डिंकाचे लाडू करून ठेवलेत आणि रागाने पाठवले नाहीत, असं निहारकडून कळलं. मी केलेले दगड झालेत, हे कुणाला सांगू नका. तुमच्यातले अर्धे पंचशीलासाठी तिच्या सासूकडे द्या. उरलेले घेऊन तुम्ही इकडे या.