होडीची घडी

दि. १७, बुधवार
कचेरी, दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसेच ठेवले असशील, तर दोष तुझा नाही. तीन वर्षांत मी तुला लिहिलेले हे पहिलेच पत्र. मी बरी आहे. आईचा गुडघा सध्या कुरकुरत नाही. बाबा अजूनही वर्तमानपत्रातले शर्यतींचे पान आधी काढून टाकतात आणि मगच अंक वाचतात. हल्ली मात्र ते पान रद्दीत सापडत नाही. तुझ्या खांद्याचे हाड नीट जुळले असावे. शनिवारी तू खोगीर दोन्ही हातांनी उचललेस, ते मी खिडकीतून पाहिले.

त्या शनिवारविषयीच लिहायचे आहे. तीन दिवसांच्या पावसाने मैदानाच्या वळणावरची माती इतकी भुसभुशीत झाली, की घोड्याचा पाय घोट्यापर्यंत रुतत होता. सातही शर्यती रद्द झाल्या. येत्या शनिवारी जागा फक्त तीन शर्यतींना. उरलेल्या चार कायमच्या गेल्या.

कोणत्या तीन घ्यायच्या, हे चिठ्ठ्या ठरवतात. प्रत्येक शर्यतीतला एक जॉकी आपल्या शर्यतीचा क्रमांक स्वतः लिहितो, स्वतः घडी घालतो आणि टोपीत टाकतो. आमची चिठ्ठी आत नव्हतीच, असे मागाहून कोणी म्हणायला नको. उचलते मी. कारण आमच्या कचेरीच्या साहेबांनी शनिवारीही सर्वांसमोर सांगितले : “हिला घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते विचारा, पुस्तकात बघून सांगेल. हिचा कोणाशी काय संबंध!”

सगळे हसले. तूही हसलीस. माझ्या मनात शंका शिरली ती तिथेच.

पाचव्या शर्यतीत नऊ जॉकी. त्यांत अकरा महिने घरी बसून परतलेली तू. मग चिठ्ठी तुझ्याच हाती कशी? वजनकाट्यावरच्या काकांना मी सहज विचारल्यासारखे विचारले. “अगं, तीच म्हणाली, मी टाकते. बाकीचे चहाला गेलेले.” म्हणजे कोणी उरले नव्हते म्हणून, की तुलाच टाकायची होती म्हणून? तुझे ट्रेनर दारात तुझ्या कानाशी काही पुटपुटले. ते काय होते? मी टोपीकडे वळले तेव्हा तू दोनदा खोकलीस. तुला खोकला नाही, ताई. निदान त्याआधी नव्हता आणि नंतरही ऐकू आला नाही.

मग टोपीत हात घातला आणि बोटांना ती लागली. होडी. टोक आत खोचलेली.

बाबांनी आपल्याला आठवडाभर एकमेकींशी बोलायची बंदी केली होती, तेव्हा दाराखालून सरकवायला तू शोधलेली ती घडी. जगात ती दोघींनाच येते. बाकीच्या सहा चिठ्ठ्या नुसत्या चार पदरी दुमडलेल्या होत्या. तू ती सवयीने घातलीस, की माझ्यासाठी?

चार दिवस हाच प्रश्न मी उलटसुलट करते आहे. खरे सांगायचे, तर पुढचे लिहावे लागू नये म्हणून.

मी ती सोडली. शेजारची उचलली. दुसऱ्या खेपेला ती आपणहून बोटांत आली, तर मी ती तळाशी ढकलली. तिसऱ्या खेपेला टाळणे सोपे गेले. दुसरी, सहावी, पहिली. साहेब म्हणाले, “स्वच्छ काम!” तुमची शर्यत केवळ चार वर्षांच्या घोड्यांची, आणि तुझी घोडी पुढच्या हंगामात पाच वर्षांची होणार, हे मला पुस्तकात न बघता ठाऊक होते. सायंकाळी तबेल्याच्या गल्लीत तू तिचा कान कुरवाळत उभी होतीस. मी वाट बदलली.

घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. बहीण असूनही झुकले नाही! सोमवारी मात्र लक्षात आले, की ती घडी दुसऱ्या कोणाची असती, तर हाताला लागताक्षणी मी ती उचलली असती. आणि मला दुसरी एक गोष्ट आठवली. तुझा जॉकीच्या परवान्याचा अर्ज. तो भूगोलाच्या पुस्तकातून बाबांना सापडला, असे मी आजवर म्हणत आले. तो सापडला नव्हता. मी दाखवला. तेव्हाही मला फार प्रामाणिक वाटले होते.

आज सकाळी साहेबांना सांगितले, “ती माझी सख्खी बहीण आहे. आईचं आडनाव लावते.”

“तीन वर्षं एका आवारात? आणि एकमेकींना साधी हाकही नाही?”

“नाही.”

“मग सख्ख्याच असणार,” ते म्हणाले. पण हसले नाहीत.

उद्या सातही चिठ्ठ्या पुन्हा. साहेब स्वतः लिहिणार, एकसारख्या दुमडणार. चहावाल्या मावशी उचलणार. “डोळ्यांवर पट्टी कशाला? माझा चष्मा पुसलेलाच नसतो,” असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या शर्यतीचा जॉकी जिन्यात मला म्हणाला, “बाई, घरचं भांडण घरीच ठेवायचं होतं.” त्याचे खरेच होते. एक तारखेपासून माझी जागा जुन्या कागदपत्रांच्या खोलीत.

उद्या तुमची शर्यत निघेल, किंवा निघणार नाही. त्यात या वेळी माझा हात नसेल, एवढेच तुला देता आले.

सवयीने, की माझ्यासाठी? कोणतेही उत्तर चालेल, असे लिहिणार होते. ते खरे नाही. म्हणून हे पत्र मी साधे, मधोमध दुमडते आहे. होडी करायला बोटे वळत होती, त्यांना थांबवले. ती घडी आधी तुझ्याकडून यावी.

तुझी, आजपासून कचेरीतही तुझीच,
धाकटी