बारावा मोजा

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला की तू आधी मलाच 'जेवलास का' विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय. खरं म्हणजे तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं.

निधी मंजूर झाला. तोच, विद्यापीठातलं संशोधन बाजारात नेण्यासाठीचा, ज्याच्यापायी दोन वर्षं मी अर्जांमागून अर्ज खरडत होतो. आनंद व्हायला हवा, पण अंगात त्राणच उरलेलं नाही. पहिला अर्ज परत आला होता, हे तुला सांगितलं नव्हतं. 'बाजारपेठ वाढण्याची शक्यता' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'न वाढलेली बरी.' पाय गमावणारी माणसं दरवर्षी वाढणार, असं कोणत्या तोंडाने लिहू? समितीतल्या एक बाई मला कोपऱ्यात नेऊन म्हणाल्या, सर, भावना जरा बाजूला ठेवा. ठेवल्या.

तुझ्या अपघातानंतर मी बनवलेला पहिला मोजा आठवतो? नकली पायाच्या आत तो घालून तू चार पावलं चाललीस आणि म्हणालीस, यापेक्षा पोतं बरं. काय हसलो होतो आपण! बाराव्याला मात्र तू नावं ठेवली नाहीस. आठ महिने झाले, एकही जखम नाही. परवा सांगत होतीस, अख्खा तास फळ्यापाशी उभी राहून शिकवलंस, खुर्चीकडे बघितलंही नाहीस. फोन ठेवून मी जिन्यात जाऊन रडलो.

आता निधीतली भागीदार कंपनी मोज्यातला तोच मऊ थर खेळाडूंच्या गुडघ्याच्या पट्ट्यात घालणार आहे. खेळाडू पुष्कळ आहेत, शिवाय हौशी आहेत. नकली पायाचं 'पुढच्या टप्प्यात' बघू म्हणाले. पुढचा टप्पा म्हणजे काय ते तुलाही कळतं आणि मलाही. मी हुज्जत घातली नाही. प्रयोगशाळेला कुलूप लागायची वेळ आली होती, हाताखालच्या दोघींची नोकरी जाणार होती, आणि मी फार थकलोय गं.

करारात एक कलम आहे. आजवर बनवलेले बाराही नमुने कंपनीच्या ताब्यात द्यायचे. अकरा कपाटात होते, ते दिले. बारावा तुझ्या पायात आहे. तुला नवा बनवून देतो, असं त्यांना म्हणालो, तर तशी परवानगी आता मलाही नाही. सही केली मी, ताई, तुला न विचारता. त्याची लाज वाटते. गुरुवारी कुरियरवाला येईल. तुझा जुना जाड मोजा शोधून ठेव, घट्ट ओढू नकोस, कातडी लाल झाली तर अंगावर काढू नकोस. आणि हा देताना धुऊ नकोस. त्यांना तो वापरलेलाच हवा आहे. तुझ्या चालण्याने तो कुठे कुठे झिजला, ते त्यांना बघायचं आहे.

तुझाच,
ठोंब्या