पाटीवर नसलेला गोली

रविवार, ६ जुलै २००८

सकाळी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी, प्रार्थना आटोपल्यावर, क्लबच्या दारातल्या संगमरवरी पाटीवरचा पडदा सरकला. 'देशाकडून खेळलेले आपल्या गावचे खेळाडू.' पाच नावं. माझ्या भावाचं नाही. साल्वू चार सामने माल्टाच्या फुटबॉल संघाचा गोली होता — एवढ्याशा गावातून चार! तो मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी नाही वाजवल्या.

सोमवार, ७ जुलै

सेक्रेटरी नाझरेनूला गाठलं. याला चौथीत मीच शिकवलंय.

"मिस, दगडावर जागा उरली नाही."

"की सहापर्यंत मोजता येत नाही अजून?"

क्लबातले सगळे हसले. तो मात्र कॉफीच्या कपात बघत राहिला.

मंगळवार, ८ जुलै

साल्वूला जेवायला बोलावलं. सशाचा रस्सा केला होता. पाटीचं काढलं तर म्हणतो, "रोझी, मीठ जास्त पडलंय."

बोटं किती वाकडी झालीत त्याची. दिवसभर गोदीत काम, संध्याकाळी मैदानावर. तेव्हा गवत कुठलं, नुसती रेती. सोललेले गुडघे घेऊन यायचा, मी आयोडीन लावायची.

बुधवार, ९ जुलै

कमिटीला पत्र टाकलं. दोन पानं. सौम्य शब्द एकही नाही.

गुरुवार, १० जुलै

नाझरेनू दारात. "मिस, खायच्या तेवढ्या शिव्या खाल्ल्या. आता हे वाचा."

साल्वूचं अक्षर. 'माझं नाव घालू नये ही विनंती.'

शेवटच्या सामन्यात त्याच्यावर नऊ गोल झाले होते. तेव्हापासून दर वर्षी, आमच्या संताच्या उत्सवात, खालच्या आळीचे — दुसऱ्या संताला मानणारे, आमच्याशी पिढ्यान्‌पिढ्या चुरस असलेले लोक — त्याच्या गॅलरीखाली नऊ बार उडवतात. एकेक, सावकाश. छत्तीस वर्षं. तो वरून हात हलवतो, हसतो. मला वाटायचं, सवय झाली.

"म्हणाला, दगडावर नाव गेलं तर मी मेल्यावरही बार उडवतील," नाझरेनू म्हणाला. "तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

शुक्रवार, ११ जुलै

कमिटीची माफी मागितली. दुसरं पत्र साल्वूच्या दाराखालून सरकवलं:

'नऊ आत गेले. तू अडवलेले कोणी मोजले? मी मोजले, रेडिओपाशी बसून, वहीत रेघा ओढत. एकवीस. वही सोबत ठेवली आहे. नाव घालायचं की नाही, ते ती बघून ठरव. उत्तर लेखी हवं, उद्या दुपारी बाराच्या आत.'